नगरच्या निजामशाहीची चित्रपोथी आणि तिच्यातली पुसलेली राणी

कोरांटी (धागाकर्ती)

तालिकोटची लढाई म्हटली की शाळेतलं एकच वाक्य आठवतं. १५६५ साली दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगर बुडवलं. झालं, पुढचा धडा. पण त्या लढाईनंतर चारेक वर्षांच्या आतच तिच्यावर एक सचित्र काव्य तयार झालं, ते आपल्या नगरच्या दरबारात झालं आणि आज ती हस्तलिखित प्रत पुण्यात, सदाशिव पेठेत, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. ताजमहालाच्या नक्षीवर तासभर बोलणारी माणसंसुद्धा या पोथीचं नाव काढलं की गप्प होतात. म्हणून हा धागा.

पोथीचं नाव 'तारीफ-इ-हुसेनशाही'. कवीचं नाव आफताबी. हा आफताबी कोण, कुठला, त्याने आणखी काय लिहिलं, याचा काही मागमूस नाही. काव्य फारसी, मसनवी म्हणजे दोन-दोन ओळींच्या यमकांच्या रचनेतलं. नायक हुसेन निजामशाह पहिला, कारकीर्द १५५३ ते १५६५. काव्यात सुलतानाची स्तुती आहे, राणीच्या रूपाचं वर्णन आहे, त्यांच्या विवाहाचा सोहळा आहे आणि मग विजयनगरच्या रामरायाविरुद्धची मोहीम. दरबारी कवीने लिहायचं ते सगळं. काव्य म्हणून फार थोर असेल असं काही मला वाटत नाही. फारसी येणाऱ्यांनी अनुवादावरून बोलल्याबद्दल माफ करावं. मंडळाने १९८७ मध्ये जी. टी. कुलकर्णी आणि एम. एस. माटे यांनी संपादित केलेली आवृत्ती इंग्रजी अनुवादासह काढली आहे. माझा सगळा आधार तीच.

खरा ऐवज आहे चित्रांत. मुळात चौदा होती, आज बारा उरलीत. मुघल चित्रशैली ज्याला आपण म्हणतो ती अकबराच्या कारखान्यात अजून घडत होती, त्याच काळातली ही चित्रं आहेत आणि दख्खनी चित्रकलेचा इतका जुना पुरावा फारसा कुठे नाही. सोनेरी आकाश, वर चढवलेलं क्षितिज, फुलांनी भरलेली जमीन ही इराणी शिकवण. पण बायका बघा! चोळी, परकर, अंगावरून तिरपी घेतलेली ओढणी, पाठीवर लांब वेणी आणि वेणीच्या टोकाला गोंडा. या बायका इराणातल्या तब्रीझच्या नाहीत, इथल्या आहेत. एका चित्रात तर चक्क दोहद आहे. सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलतं, ही आपल्या संस्कृत काव्यातली जुनी कल्पना. फारसी काव्याच्या पोथीत, शिया सुलतानाच्या दरबारात, कुणा अनाम चित्रकाराने ती बिनदिक्कत आणून बसवली आहे. चित्रकाराला फारसी वाचता येत होतं की कुणी सांगितलं तेवढ्यावर त्याने काढलं, असा प्रश्न ते पान बघून पडतो.

आता मुद्द्यावर येते. ही राणी म्हणजे खुंजा हुमायून. चांदबीबीची आई. बारापैकी निम्म्या चित्रांत तिला जागा आहे. सिंहासनावर हुसेन बसलाय आणि राणी त्याच्या मांडीवर, असं एक चित्र आहे. मुसलमान दरबाराच्या चित्रात पट्टराणी अशी उघडपणे, राजाच्या बरोबरीने दिसणं हे जवळपास अशक्य कोटीतलं. आणि त्या चित्रात आज राणी नाही. राजा आहे, त्याचा चेहरा आहे, त्याचे हात तिच्या दिशेने आहेत, दासी आहेत, आणि मध्ये रंग फासलेला एक आकार. बाहेरची रेषा कळते, आतलं माणूस गायब. एखादा अपवाद सोडला तर जिथे जिथे ती होती तिथे तिथे हेच केलंय.

हे का झालं त्याचा अंदाज इतिहासात सापडतो. लढाई जानेवारी १५६५ मध्ये झाली आणि त्याच वर्षी काही महिन्यांत हुसेन वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून कारभार राणीकडे. चार-एक वर्षं निजामशाही तिने चालवली. त्या काळातला इतिहासकार फिरिश्ता सांगतो की तिने आपल्या भावांना, ऐन-उल-मुल्क आणि ताजखान यांना, मोठमोठ्या जागिरी दिल्या, जुने सरदार नाराज झाले आणि त्यांनी मुर्तजाचे कान भरले. पहिला कट फसला. कारण आईने बोलावल्याबरोबर पोराला वाटलं तिला सगळं कळलंय, आणि त्याने घाबरून स्वतःच सगळं ओकून टाकलं. दुसऱ्यांदा मात्र जमलं. १५६९ मध्ये राणी कैदेत गेली. म्हणून अभ्यासक या पोथीचा काळ १५६५ ते १५६९ असा धरतात. राणीला इतकं मानाचं स्थान देणारी पोथी तिच्या अमलातच होऊ शकते, आणि तिला पुसणारा हात तिच्या पतनानंतरचाच असणार.

माझं म्हणणं एवढंच की अशा सचित्र तवारिखा वाचताना आपण चित्रांना शोभेच्या वस्तू समजतो. 'कसे कपडे होते, कशा तोफा होत्या' यापलीकडे जात नाही. इथे कवितेत राणीच्या रूपाचे गोडवे गायलेत, आणि बोळा फिरला तो चित्रावर. ज्याने हे केलं त्याला चित्राची भीती जास्त वाटली. का ते मला नीट सांगता येत नाही, पण एक शक्यता अशी की कविता वाचायला फारसी लागते, आणि राजाच्या मांडीवरची बाई कुणालाही दिसते.

अशा इतर पोथ्यांबद्दल ज्यांना माहिती असेल त्यांनी भर घाला. फक्त हिंदुस्थानच नको, इराण-जपान सगळं चालेल.

सोनकी

काय सुंदर लिहिलंयस! चांदबीबीची आई एवढीच ओळख होती आत्तापर्यंत, तीही बुरुजावर लढणाऱ्या मुलीच्या सिनेमात आई असते तशी. एक शंका : तालिकोटच्या आधी चांदबीबीचं लग्न अली आदिलशाहाशी झालं ना? म्हणजे राणी ही विजापूरच्या सुलतानाची सासू?

कोरांटी

हो, सासूच. आणि ते लग्न म्हणजे सरळसरळ तहाचं कलम होतं. चांदबीबी विजापूरला दिली आणि आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला. उलट बाजूने अलीची बहीण मुर्तजाला केली. सोलापूर कुणाचं यावर दोन पिढ्या मारामारी झाली होती, तो गुंता या लग्नाने सोडवला म्हणायचा. पुढे पुन्हा बसलाच.

टिंबटिंब

वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली.

वाकडी_वाट

लेख आवडला, पण निष्कर्षाची घाई होतेय असं वाटतं. पुसलेली चित्रं म्हणजे राजकारणच कशावरून? चित्रात माणसांचे चेहरे नकोत म्हणून नंतरच्या कुणा कर्मठ मालकाने बोळे फिरवल्याची उदाहरणं ढीगभर आहेत. सगळ्यात मोठं उदाहरण हम्जानाम्याचं. अकबराने तरुणपणी, साधारण १५६२ पासून पंधराएक वर्षं, हा प्रचंड प्रकल्प चालवला. पैगंबरांचे काका अमीर हम्जा यांच्या नावावरच्या अद्भुत कथा, राक्षस, जादूगार, हेर, समुद्रातले मगरमासे, सगळं. चौदाशेच्या आसपास चित्रं, तीही कापडावर, जवळजवळ पाऊण मीटर उंचीची. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे इराणहून आलेले उस्ताद देखरेखीला. आज जगभरात मिळून दोनशेच्या आसपास उरलीत.

आणि ती उरली कशी ते ऐका. १८८१ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमसाठी खरेदी करत फिरणारा कॅस्पर पर्डन क्लार्क श्रीनगरला गेला, तिथे त्याला यातली काही पानं सापडली. खिडक्यांना थंडीची हवा लागू नये म्हणून ती ठोकली होती! त्या पानांतल्या कित्येक चेहऱ्यांवर घासाघीस झालेली आहे. तिथे काही कुठली राणी कैदेत गेली नव्हती. तेव्हा पुण्याच्या पोथीबाबतही 'धार्मिक कारण' आधी बाद करायला हवं, मग मुर्तजाकडे वळा.

कोरांटी

@वाकडी_वाट, रास्त हरकत. पण तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने बोलतं. चेहरे नकोत म्हणून पुसणारा माणूस सगळे पुसतो, निदान हाताला लागतील ते पुसतो. हम्जानाम्यात राजा, पेहलवान, राक्षस, कुणाचीच गय नाही. इथे हुसेनचा चेहरा शाबूत, दासींचे शाबूत, सरदारांचे शाबूत. एकच व्यक्ती, निरनिराळ्या पानांवर शोधून शोधून काढली आहे. कर्मठपणा इतका नेमका नसतो. हा हुकूम आहे.

कुणाचा हुकूम ते कागदावर नाही, हे मान्य. पण चार वर्षं आईच्या पदराआड काढून नंतर तिला कैदेत टाकणारा मुलगा हा पहिला संशयित नाही तर कोण?

वाकडी_वाट

नेमकेपणाचा मुद्दा पटला. 'पुरावा' नाही म्हणणार, 'पटण्याजोगा तर्क' म्हणेन. एक मात्र आहे : मुर्तजाने केलं असेल किंवा मुर्तजाला खूश करायला कुणा ग्रंथपालाने केलं असेल. दरबारात दुसऱ्या प्रकारची माणसं जास्त असतात.

बारा_गावचा

एक प्रश्न विचारतो, राग मानू नये. ज्या लढाईत विजयनगरसारखं साम्राज्य धुळीला मिळालं, तिची स्तुती करणाऱ्या पोथीचं एवढं कौतुक कशासाठी? त्या चित्रांत रामरायाचं मुंडकं उडवतानाचं चित्र आहे ना? ते सांगायचं राहिलं वाटतं.

कोरांटी

आहे. राहिलं नाही, लेख लांबला म्हणून प्रतिसादात येणार होतं. रामरायाच्या शिरच्छेदाचं चित्र त्या पोथीतलं सगळ्यात प्रसिद्ध चित्र आहे. वय झालेला रामराया, समोर हुसेन. विजेत्याच्या दरबाराने काढून घेतलेलं चित्र आहे ते, त्यात हळहळ असणार नाही. पोथी महत्त्वाची म्हणणं आणि तिची बाजू घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं सांगून थांबते.

शेंदूर

बारा_गावचा यांनी विषय काढलाच आहे तर हुसेनचं रामरायाशी इतकं वैर का, तेही येऊ द्या. 'इकडचे विरुद्ध तिकडचे' अशी सरळ मांडणी केली की त्या काळातलं काहीच कळत नाही. तालिकोटच्या काही वर्षं आधी रामराया, विजापूरचा अली आणि गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशाह असे तिघे मिळून नगरवर चालून आले होते. म्हणजे तेव्हा दोन सुलतान रामरायाच्या बाजूला! नगरला वेढा पडला, मुलूख उजाड झाला, आणि हुसेनला कल्याणीचा किल्ला सोडून रामरायाच्या छावणीत जाऊन त्याच्या हातून विडा घ्यावा लागला.

त्या भेटीचा किस्सा फिरिश्त्याने रंगवून सांगितलाय. रामरायाच्या हाताला हात लागला म्हणून हुसेनने तिथेच, त्याच्या डोळ्यांदेखत, तस्त आणि पाणी मागवून हात धुतले. रामराया कानडीत म्हणाला, पाहुणा नसता तर याचे हात तोडले असते. आणि मग त्यानेही पाणी मागवून हात धुतले. खरा की रचलेला, देव जाणे. पण दोघंही तोलामोलाचे गर्विष्ठ होते हे त्यातून नीट कळतं.

आणि शिरच्छेदाची घाई का झाली, तर अली आदिलशाह मध्ये पडून म्हाताऱ्याला सोडवेल ही हुसेनला धास्ती होती, अशीही एक परंपरा आहे. कारण अली एके काळी विजयनगरला जाऊन रामरायाच्या घरी मुलासारखा राहून आला होता. चित्रात हे काहीच दिसत नाही. चित्रात एक राजा दुसऱ्याचं डोकं उडवतोय, बस्स.

बारा_गावचा

विडा आणि हात धुण्याचा किस्सा माहीत नव्हता. बाकी माझं मत तेच आहे. पण माहितीबद्दल आभार.

नगरी_पाणी

नगरकर हजर! आमच्याकडे या लढाईची आठवण म्हणजे मलिक-ए-मैदान तोफ. नगरलाच ओतली, १५४९ मध्ये, मुहम्मद बिन हुसेन रूमी नावाच्या तुर्की कारागिराने, हुसेनच्या बापाच्या, बुऱ्हाण निजामशाहाच्या काळात. सिंहाचा जबडा आणि त्यात चिरडलेला हत्ती अशी तिच्या तोंडाची घडण आहे. वजन पंचावन्न टन म्हणतात. तालिकोटला तिच्यात तांब्याची नाणी ठासून उडवली अशी दंतकथा लहानपणापासून ऐकलीय. आता ती विजापूरच्या बुरुजावर आहे आणि तिथले गाइड ती विजापूरचीच असल्यासारखी दाखवतात, याचं दुःख वेगळं.

नगरचा भुईकोट किल्ला आज जो दगडी दिसतो तोही या हुसेननेच बांधून काढलेला, आधीची भिंत मातीची होती. रामरायाच्या वेढ्याने धडा शिकवला असणार. प्रश्न : तोफ पोथीतल्या चित्रांत कुठे दिसते का?

कोरांटी

लढाईचं चित्र आहे, हत्ती-घोडे आहेत, दाटी आहे, पण ती चित्रं 'अमुक तोफ अमुक जागी होती' हे सांगायला काढलेलीच नाहीत. निजामशाही तोफखान्याचा मुख्य अधिकारी चलबी रूमीखान होता आणि त्याने तोफांच्या रांगा लावून विजयनगरची फळी फोडली हे इतिहासकार सांगतात. चित्रकाराला त्यात रस नव्हता. त्याचा जीव वेण्यांच्या गोंड्यात जास्त रमलाय, असं माझं आपलं निरीक्षण.

गारगोटी

इराण चालेल म्हणालीस म्हणून लिहितो. ज्या पोथीवर अख्ख्या मुसलमान जगातल्या चित्रपोथ्या पोसल्या ती शाहनामा. फिरदौसीने १०१० मध्ये पूर्ण केला, पन्नास हजारांच्या आसपास द्विपदी. कयूमर्स या आदिराजापासून ससानी घराणं बुडेपर्यंत, अर्धी दंतकथा, अर्धा इतिहास. रुस्तुम-सोहराब त्यातलेच, आपल्याला पारशी नाटकांमुळे आणि शेजारच्या रुस्तमकाकांमुळे ओळखीचे. त्याची सगळ्यात देखणी प्रत शाह तहमास्पची, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तब्रीझला झालेली, २५८ चित्रांची. त्यातलं सुलतान मुहम्मदचं कयूमर्सच्या दरबाराचं पान बघितलंय का? खडकांच्या भेगांतून माणसांचे, जनावरांचे चेहरे बाहेर डोकावतात. भिंग घेऊन बसावं लागतं. जवळून बघितलं की एका खडकात तीन-तीन तोंडं निघतात, आणि ते सगळं बिबळ्याचं कातडं पांघरलेल्या राजाकडे बघताहेत.

१५६८ मध्ये ही प्रत तहमास्पने तुर्कस्तानच्या नव्या सुलतानाला, दुसऱ्या सलीमला, नजराणा पाठवली. तारखा जुळवून बघा, तिकडे नगरला आपली छोटी पोथी याच सुमारास तयार होत होती.

पुढची गोष्ट संतापजनक. १९५९ मध्ये आर्थर हॉटन नावाच्या अमेरिकन श्रीमंताने ती विकत घेतली आणि शिवण उसवून पानं सुटी केली. ७८ चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिली, काही लिलावात फुंकली. चारशे वर्षं एकत्र राहिलेली पोथी एका माणसाच्या हयातीत विखुरली. उरलेला भाग, ११८ चित्रांसह, १९९४ मध्ये इराणने परत मिळवला. तोही कसा, तर तेहरानच्या संग्रहातलं विलेम डी कूनिंगचं एका बाईचं आधुनिक चित्र बदल्यात देऊन, व्हिएन्नाच्या विमानतळावर अदलाबदल करून. हेरकथेत शोभेल असं. २०११ मध्ये लंडनच्या लिलावात एकेका पानाला चौऱ्याहत्तर लाख पौंड येत होते म्हटल्यावर पोथी एकत्र ठेवण्याचा मोह कुणाला होणार?

तेव्हा मंडळाच्या कपाटात बारा चित्रं एकाच बांधणीत सुखरूप आहेत, हेच मोठं.

सोनकी

बापरे, एका पानाला एवढे? आणि आपण रद्दीत पोथ्या टाकतो.

टिंबटिंब

एकेका पानाला नाही हो, एका पानाला. एक पान तेवढ्याला गेलं.

गारगोटी

बरोबर, एकच पान. पण विकणाऱ्याच्या डोक्यात 'एकेका'च असतं ना. :)

शेंदूर

अकबरी चित्रपोथ्यांची एक गंमत. चित्राच्या खाली, हाशियात म्हणजे समासात, लाल शाईने कारकुनाने नावं लिहून ठेवलेली असतात. 'तरह' अमक्याची, म्हणजे आखणी, रचना. 'अमल' तमक्याचं, म्हणजे रंगकाम. कधी तिसरं नाव असतं, त्याने फक्त चेहरे काढलेले. लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अकबरनाम्याची ११६ चित्रं आहेत, १८९६ मध्ये अवधात अधिकारी असलेल्या एका इंग्रजाच्या विधवेकडून विकत घेतलेली. त्यांत हे नीट बघता येतं. बसावन नावाचा चित्रकार आखायचा, दुसरं कुणी रंगवायचं. पगाराचा हिशेब ठेवायला ही नोंद असावी असा माझा कयास.

दसवंतची गोष्ट त्यातली सगळ्यात चटका लावणारी. पालखी वाहणाऱ्या भोयाचा मुलगा, भिंतींवर चित्रं काढत फिरायचा, अकबराच्या नजरेत भरला. अबुल फजल त्याला आपल्या काळातल्या थोरांत गणतो. महाभारताचं फारसी भाषांतर, रज्मनामा, फतेहपूर सिक्रीत १५८२ पासून सुरू झालं. त्यासाठी ब्राह्मण पंडित अर्थ सांगायचे आणि नकीबखान वगैरे मंडळी फारसीत उतरवायची. बदायुनी हा दरबारातला इतिहासकार त्या कामाला जुंपला गेला होता आणि त्याबद्दल त्याची कुरकुर स्वतःच्या तवारिखेत भरून वाहतेय. त्या रज्मनाम्यातल्या कितीतरी चित्रांची आखणी दसवंतची आहे. १५८४ मध्ये वेडाच्या भरात त्याने स्वतःला संपवलं. ती शाही प्रत जयपूरच्या महाराजांच्या संग्रहात आहे. म्हणजे आपलं महाभारत राजाश्रयाने एवढ्या भव्यतेने चितारलं गेलं ते फारसी पोथीत, आणि चितारलं कुणी, तर भोयाच्या पोराने.

हुडुक

सगळे राजे-सुलतान झाले, आता जरा कोकणात या. :)

हम्जानाम्याबद्दल वाकडी_वाट यांनी एक गोष्ट सांगितली नाही : त्या पानांच्या पाठीवर मजकूर लिहिलेला असतो. चित्र दरबारासमोर धरायचं आणि मागून वाचायचं, असा त्याचा उपयोग असावा असं मानतात. हे वाचलं तेव्हा मला पिंगुळीच आठवली. कुडाळजवळचं पिंगुळी, तिथल्या ठाकर समाजाचे चित्रकथी. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने देवळांतून जागर करायचे. चित्रांचा एक संच म्हणजे एक पोथी. प्रत्येक पोथीत एक आख्यान, रामायण-महाभारतातलं. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक दाखवून झालं की पान पलटायचं, दुसरं समोर. कागद हाताने रंगवलेला, रंग बरेचसे घरीच केलेले. साथीला वीणा, टाळ आणि हुडुक. (माझं नाव कुठून आलं ते कळलं असेल.)

मजकूर मात्र पाठीवर नाही. तो गाणाऱ्याच्या तोंडात. बाप गातो, मुलगा पान धरतो आणि कधीतरी मुलगा गायला लागतो. चित्रांतल्या बायकांचे डोळे बघा, एका बाजूने तोंड आणि डोळा अख्खा, बाहेर आल्यासारखा. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात याच घराण्यातली पण वेगळ्या हाताची चित्रं आहेत, पैठणी शैली म्हणून ओळखली जातात. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते.

निजामशाही पोथी एका राजासाठी होती, ही चित्रं गावासाठी. तरी मला दोन्हींत नातं दिसतं. चित्र एकट्याने बघायची वस्तू नव्हती, कुणीतरी सांगणारा बाजूला असायचा.

कोरांटी

@हुडुक, याच प्रतिसादासाठी धागा काढला होता असं वाटावं इतकं छान. सांगणारा बाजूला असायचा, हे निजामशाही पोथीलाही लागू असेल का, याचा विचार करतेय. पोथी आकाराने लहान आहे, हम्जानाम्यासारखी दरबारभर दिसणारी नाही. दोघा-चौघांनी वाकून बघायची. मग ती बघणारी पहिली माणसं कोण? राणीच असणार आणि तिचा गोतावळा. नवरा मेलाय, मुलगा लहान आहे, सरदार टपलेत, आणि विजयी नवऱ्याच्या मांडीवर बसलेली मी, असं चित्र ती काढवून घेतेय. हा नुसता जुन्या प्रेमाचा आठव नाही. 'विजय झाला तेव्हा सत्तेत माझाही वाटा होता' असा तो दावा आहे. वाकडी_वाट, आता सांगा, पुसणाऱ्याने काय पुसलं?

वाकडी_वाट

दावा पुसला. बरं, मानलं. :) पण मग एक विचारतो. पोथी जाळली का नाही? सगळं संपलं असतं.

कोरांटी

कारण बापाच्या विजयाची एवढी मोठी पोथी मुर्तजाला हवीच होती. आई नको होती, बाप हवा होता.

नगरी_पाणी

आणि त्या मुर्तजाचं पुढे काय झालं तेही सांगून टाका. आमच्याकडे त्याला 'दिवाणा' म्हणतात. फराहबाग हा नगरचा बागमहाल त्याच्याच काळातला, १५८३ मध्ये पुरा झाला. नंतर नंतर कुणाला भेटेनासा झाला. १५८८ मध्ये त्याच्या पोटच्या पोराने, मीरान हुसेनने, त्याला हमामखान्यात कोंडून, खाली जाळ वाढवून मारलं. मीरानलाही वर्षाच्या आत उडवलं.

सोनकी

काय घराणं आहे! आणि यांच्यात चांदबीबी निपजली.

शेंदूर

फिरिश्ता त्या वेळी नगरातच मुर्तजाच्या नोकरीत होता, गोंधळ माजल्यावर १५८९ मध्ये विजापूरला पळाला आणि तिथे इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयाने तवारीख लिहिली. म्हणजे राणीने भावांना जागिरी वाटल्या, सरदार नाराज झाले, ही सगळी हकिगत आपल्याला मुलाच्या पदरी राहिलेल्या माणसाकडून मिळते. राणीच्या बाजूने बोलणारी एक ही आफताबीची पोथीच आहे. कोरांटीताई, पुढचा भाग चांदबीबीवर येऊ द्या, मुघलांच्या १५९५ च्या वेढ्यापासून.

कोरांटी

येईल, पण आधी बुऱ्हान-इ-मआसीर वाचून होऊ द्या. ती तवारीख लिहिणारा सय्यद अली तबातबा त्या वेढ्याच्या काळात नगर दरबारीच होता, त्यामुळे फिरिश्त्याशी पडताळून बघता येईल. दिवाळीआधी मात्र जमणार नाही.

टिंबटिंब

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).